धिरड्यातलं अल्ब्युमिन

मी माझ्या अक्काला अंडी खाऊ घातली. तिला न सांगता. हे आजवर कुणाला बोललो नाही, बायकोलाही नाही.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा मला तिनंच वाढवलं; गंगापूरला, स्वतःच्या सासरी नेऊन. दाजी वारल्यावर तिनं महानुभाव पंथाचा उपदेश घेतला. तेव्हापासून मटण-अंड्याला शिवणं नाही. ती राहायला आली की आमच्या घरातलं अंडं बंद. तिनं कधी सांगितलं नाही, आम्हीच बंद करायचो.

संडासवाटे रक्त जात होतं, ते तिनं मूळव्याध म्हणून कितीतरी दिवस लपवलं. शेवटी मी तिला इकडं शहरात आणलं, तर मोठ्या आतड्यात गाठ निघाली. रक्तात सीईए नावाचं एक प्रोटीन बघतात, गाठीची चाहूल देणारं. ते वाढलेलं होतं, आणि मी तेच धरून बसलो होतो. डॉक्टर म्हणाले, "नुसतं त्याच्याकडं बघू नका. यांचं अल्ब्युमिन केवढं उतरलंय बघा. ते कमी असलं की ऑपरेशन पेलत नाही, आणि पुढचंही जड जातं. थोडे दिवस प्रोटीन पोटात जाऊ द्या, मग गाठ काढू. अंडी खातात ना?"

अक्का बाहेर बाकड्यावर बसली होती. मी म्हणालो, "खातात."

नाही म्हटलं असतं तर त्यांनी दुसरं काही सांगितलं असतं. पण अल्ब्युमिन म्हणजे अंड्यातलं पांढरं, हे शाळेतलं विज्ञान माझ्या डोक्यात पक्कं होतं. जे कमी आहे तेच आत घालावं, असं वाटलं. आटलेल्या विहिरीत टँकर ओततात, तसं.

वाळूजच्या कंपनीत मला तेव्हा दुसरी पाळी होती. बायको सकाळीच शाळेवर शिकवायला जायची. मग घरात मी आणि अक्का. बेसनात अंड्याचं पांढरं फेटायचं, वास मरावा म्हणून लसूण, ओवा आणि मूठभर कोथिंबीर घालायची, आणि धिरडी टाकायची. टरफलं डब्याच्या पिशवीतून कंपनीत नेऊन फेकायची.

"आरं, तुला चहा उतू घालवण्याबिगर काय येत नव्हतं," अक्का म्हणायची. "धिरडं कुणी शिकवलं?"

"मोबाइलवर बघितलं."

"लई मऊ झालंय. बायकोला शिकव जरा. तिचं धिरडं म्हंजी चपलेचा तळ."

पहिला घास घेण्याआधी ती डोळे मिटून देवाचं स्मरण करायची. तेवढ्या वेळात मी तव्याकडं तोंड करून उभा राहायचो.

ऑपरेशन नीट झालं. नंतरच्या तपासणीत सीईए उतरलं होतं, अल्ब्युमिन चांगलं वर आलं होतं. मी डॉक्टरांना जरा फुशारकीनंच म्हणालो, "अंडी लागू पडली."

ते हसले. "खाण्याचाही हात असेल. पण हे दुसरं प्रोटीन बघा, सीआरपी. हे शरीरातल्या दाहाचं. गाठीमुळं दाह वाढला होता, आणि तसं झालं की लिव्हर अल्ब्युमिन कमी बनवतं. गाठ निघाली, दाह उतरला, म्हणून ते चढलं. अंड्यातलं काही उचलून तसंच रक्तात जात नसतं. दूध, पनीर, डाळीनंसुद्धा भागलं असतं."

दूध. पनीर. डाळ. घरी येईपर्यंत अक्का रिक्षावाल्याशी कापसाच्या भावाबद्दल बोलत होती आणि मी रस्ता बघत होतो. त्या दिवसापासून अंडी थांबवली. धिरडीही थांबवली.

ती बरी होऊन गंगापूरला गेली. दिवाळीनंतर तिनं पंथाच्या आश्रमातल्या एका वयस्कर बाबांना जेवायला बोलावलं आणि मला फोन केला. "तू ये. बाबांना तुझं धिरडं खाऊ घालायचंय. त्याच्यावर मी उठून बसले."

गेलो. बेसन, लसूण, ओवा, कोथिंबीर, एवढंच घातलं. बाबा जेवले, आशीर्वाद देऊन गेले. मग अक्का ताट घेऊन बसली. एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला.

"आज ती चव नाय."

मी माझ्या ताटातला घास मोडला. तिनं माझ्याकडं बघितलं, बराच वेळ. मग माझ्याच ताटात आणखी एक धिरडं वाढलं. "आजारात जीभ येगळीच असती म्हणा," ती म्हणाली. "खा. वाळला किती तू."

तिला कळलं होतं का, मला माहीत नाही. परतीच्या बसमध्ये मी स्वतःला समजावलं, की कळलं असेल तर तिनं माफ केलं, आणि कळलं नसेल तर कशाला सांगायचं. गंगापूर मागं पडेपर्यंतच ते पटलं.

तिच्या पंथात चुकीला प्रायश्चित्त असतं. ते घ्यायचं का, कसं घ्यायचं, हे तिनं ठरवायचं होतं. मी न सांगून तिचं तेही काढून घेतलं. पुढच्या महिन्यात पुन्हा सीईए आहे. डॉक्टर म्हणतात, लक्षणं चांगली आहेत. तपासणी असली की ती आदल्या दिवशी मुक्कामाला येते.

माझ्या धिरड्यात अंडं होतं, हे अक्काला तिच्यासमोर बसून सांगायचं देणं मी लागतो. अजून सांगितलेलं नाही.