इंदापूरच्या कपाटातली डिस्क

अंगात येणं, लिंबू-मिरची, असल्या गोष्टींवरून मी घरच्यांशी कायम भांडत आलोय. त्यामुळे हे इथं लिहिताना माझा मलाच राग येतोय. पण इतकी वर्षं लिहायचं टाळलं... आता पुरे.

नव्वदच्या दशकाची अखेर. बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या एका साखर कारखान्याच्या शेती विभागात मी कॉम्प्युटर सांभाळायचो. नाव विचारू नका. कुणी ऊस कधी लावला याची नोंद माझ्याकडे, आणि त्याच क्रमानं तोडणी. नोंद गेली की नंबर गेला — मग ज्याचा वशिला त्याचा ऊस आधी.

सर्व्हर घेताना मी भांडून दोन डिस्क घ्यायला लावल्या. मिरर — एकीवर जे लिहिलं जाईल तेच त्याच क्षणी दुसरीवर. एक गेली तर दुसरी आहे. आमचे एक संचालक, त्यांना बापूसाहेब म्हणू, बघायला आले.

"म्हंजे एक काम करती आन् दुसरी तिचं बघून लिवती?"

"हो."

"मग दुसरी बसून खाती की, राव! इंदापूरच्या गट ऑफिसातल्या कॉम्प्युटरात जागा पुरंना, तितं द्या ती."

मी समजावलं. निदान बॅकअपला टेप ड्राइव्ह तरी द्या म्हणालो. "टेप? गानी ऐकायचीत व्हय ऑफिसात?" सगळे हसले. दिवाळीआधी डिस्क काढून इंदापूरला गेली. सर्व्हर सारखा किंचाळायला लागला — जोडीची डिस्क गेली की तो ओरडतोच, त्यासाठीच तर ती सोय. "ती टिवटिव बंद करा," असं वरून सांगणं आलं. आणि ती मी बंद केली. माझ्या हातानं.

इंदापूरच्या कॉम्प्युटरला ती डिस्क बसेचना, जातच वेगळी. पेपरात गुंडाळून लोखंडी कपाटात पडली. परत कुणी पाठवली नाही... मीही मागितली नाही.

दिवाळीनंतर वडगाव निंबाळकरचे एक आबा नोंदीला आले. "सायब, नीट लिवा. आमच्या घरात पयलाच ऊस हाय. बाप-आजा मेंढरांमागंच गेलं." कागदी अर्ज तेव्हा हौसेनं बंद केले होते, सगळं थेट मशीनवर. मी लिहिलं.

संक्रांतीच्या सुमारास एका दुपारी सर्व्हरमधली एकुलती डिस्क कटकट करत बंद पडली. पुण्याहून आलेल्या इंजिनिअरनं हात टेकले. मी जीपनं इंदापूर गाठलं. दिवाळीआधीचं तरी मिळेल... नंतर आलेल्यांना काय सांगायचं, याची जुळवाजुळव रस्ताभर चालू होती. डिस्क कपाटात तशीच होती, वर माझ्याच अक्षरातलं लेबल. आणून जोडली.

आबांची नोंद होती.

नुसती तीच नाही — सर्व्हर बंद पडला त्या दिवशी सकाळी मी स्वतः टाकलेली शेवटची नोंदसुद्धा! कपाटात पडलेल्या, वायरही न लागलेल्या डिस्कवर! "मधे कधीतरी जोडली असणार तुम्ही," इंजिनिअर म्हणाला. अहो, नव्हती जोडली! खोटारड्याकडे बघावं तसं त्यानं माझ्याकडे बघितलं.

पुढच्या मीटिंगमध्ये बापूसाहेबांचा सत्कार. का, तर डिस्क लांब इंदापूरला ठेवायची दूरदृष्टी! मी उठून म्हणालो, त्या डिस्कवर हे असूच शकत नाही.

"मग हाय कसं?"

"तेच तर मी विचारतोय!"

"मिळालं न्हवं? मग कशाला इचारतो?"

पुन्हा हशा. दुसऱ्या डिस्कची माझी मागणी तिथंच नामंजूर — एकीवर भागतंय की.

पुढच्या हंगामात आबांचा ऊस त्यांच्या नंबरानं तुटला. पेढे घेऊन आले. "तुमच्यामुळं झालं, सायब." माझ्यामुळं तर तो नंबर जाणार होता, आबा... हे ओठांवर आलं होतं. मी पेढा तोंडात टाकला.

स्पष्टीकरण आजही नाही. जाणकारांना विचारलं, ते मलाच वेड्यात काढतात. घरचे म्हणतात, ज्या कुणी ते लिहून ठेवलं त्याचे उपकार मान. नाही मानत! आबांना वाचवलं ते ठीक. आम्हाला कशाला वाचवलं?