उन्हाळ्यातला फोटो

दिगंबर गेल्याचा फोन आला तेव्हा मी माजलगावच्या मोंढ्यात उभा होतो. भोवती पोत्यांची चढउतार चालू होती आणि फोनवर त्याची बायको, शकुंतलावहिनी, अगदी हळू बोलत होत्या. आजार लांबला होता, तरी अशा बातमीला मन तयार नसतंच... पुढे शोकसभेत वक्त्यांनी त्याला द्रष्टा ठरवलं. जिवंतपणी याच मंडळींच्या बैठकीत त्याची खुर्ची दाराजवळ असे.

उपग्रहाने काढलेली जिल्ह्याची चित्रं वाचणं हे त्याचं काम. पाणी कुठे, पीक कुठे, पडीक कुठे, हे तो रंगांवरून सांगे. एका वर्षी धारूरच्या डोंगराकडचं एक गायरान नकाशात पडीक ठरलं. चर खणायचे, झाडं लावायची आणि भोवती तारेचं कुंपण घालायचं, असं वर ठरलं. भूमिपूजनाचा फ्लेक्सही छापून आला. त्यावर इतके चेहरे की झाडाला जागा उरली नव्हती. पण त्या गायरानावर गावातल्या मेंढपाळांचे कळप चरत. कुंपण पडलं असतं तर त्यांना मेंढरं विकून ऊसतोडीला जावं लागलं असतं.

दिगंबरला शंका होती, म्हणून मला सोबत घेऊन तो तिकडे गेला. बायजाबाई नावाच्या मेंढपाळ म्हातारीने छापील चित्र दोन्ही हातांत धरून न्याहाळलं. तिला ओढा सापडला, देवीचा माळ सापडला. मग तिने विचारलं, "ह्यो फोटू कवाचा हाय, लेकरा?"

"उन्हाळ्यातला, मावशी. पावसाळ्यात ढग आडवे येतेत. वरून कायबी दिसत न्हाई."

"मंजी पोरगी तापानं फणफणलेली असताना फोटू काढायचा, अन् त्योच दाखवून सोयरीक मोडायची व्हय?"

दिगंबर पोट धरून हसला. मग कितीतरी दिवस तो जुनी चित्रं धुंडाळत बसला. खाली गवत असावं आणि वर आभाळ मोकळं असावं, असा एखादा तरी दिवस... श्रावण-भाद्रपदातली चित्रं म्हणजे नुसता पिंजलेला कापूस. अखेर दसऱ्याच्या सुमाराचं एक सापडलं, कोपऱ्यात ढगाचा तुकडा असलेलं. त्यात गायरान गवताने गच्च भरलं होतं.

बैठकीत त्याने दोन्ही चित्रं शेजारी-शेजारी मांडली. मग साहेबांनी विचारलं, छापलेल्या फ्लेक्सचं काय करायचं? "मेंढरांच्या वाड्यावर टाकू, सावली व्हईल," दिगंबर म्हणाला. गायरान वाचलं. सगळं नाही; माथ्याकडचा भाग कुंपणात गेला. तो खराच पडीक होता, हेही त्यानेच सांगितलं.

परवा त्याच्या घरी गेलो. हार घालायला म्हणून मुलाने मोबाईलमधला अखेरचा फोटो मोठा करून आणला होता. गाल बसलेले, डोळे खोल गेलेले. वहिनींनी तो घेतला आणि भिंतीकडे तोंड करून ठेवून दिला.

"उन्हाळ्यातला हाय त्यो," एवढंच म्हणाल्या.

भिंतीवर त्यांनी दुसराच लावलाय. तेच गायरान, पावसाळा नुकता सरलेला, दिगंबर गुडघाभर गवतात मेंढरांच्या मधोमध उभा. कॅमेऱ्याकडे लक्षच नाही. मान वर, आभाळाकडे... ढग किती उरलेत, ते बघत असावा.