पत्त्यासकट प्रार्थना

भागीरथाबाई प्रार्थनेला उभ्या राहिल्या की मी मांडी मोडून भिंतीला टेकायचो. एवढ्यात सुटका नाही हे ठाऊक असायचं. बाईंना देवाशी थोडक्यात बोलता येत नसे. माणसाचं नाव, बापाचं नाव, मोहल्ला, घराची खूण, सगळं सांगितल्याशिवाय त्या मागणीवर येत नसत. “बापा, पत्रूची म्हैस आटली हाये. पत्रू म्हंजे लटारूचा पोरगा, वडाजवळच्या घरातला. तो दुसरा पत्रू नाई.” मी एकदा त्यांना म्हटलं, “बाई, देव काय पोस्टमन हाये का?” त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “कंपाउंडरभाऊ, आपल्या गावात चार पत्रू हायेत. दुसऱ्याचीच म्हैस दुभती झाली म्हंजे?”

आमचं भिवरटोला चांदा जिल्ह्यात, वैनगंगेच्या अलीकडच्या जंगलात. गावाला मोठा तलाव, तलावाच्या पाळीखाली धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि पाळीला लागून मासे धरणाऱ्या ढिवरांचा मोहल्ला. मिशनचा छोटा दवाखाना गावाच्या टोकाला होता. डॉक्टर पंधरवड्याला यायचे, मधल्या दिवसांत मी. शेजारच्या कौलारू खोलीत रविवारी उपासना आणि गुरुवारी दिवेलागणीला प्रार्थनासभा. ख्रिस्ती घरं मोजून सात. बाकी कोणी नवस बोलायला यावं तसं अडीअडचणीला येऊन मागे बसायचं.

भागीरथाबाई मूळच्या ढिवरांतल्याच. त्यांच्या विसाव्या वर्षी नवरा नदीत बुडून गेला, सासरी राहणं कठीण झालं, आणि त्या मिशनच्या आश्रयाला आल्या. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांचं नाव मार्था ठेवलं होतं, पण ते रजिस्टरातच राहिलं. अक्षरओळख झाली पंचविशीत. मग मिशनने त्यांना घरोघर जाण्याचं काम दिलं. बाया-बापड्यांना अक्षरं शिकवायची, पोरांच्या डोळ्यांत औषध घालायचं आणि कोणी ऐकणारं असेल तर प्रभूची गोष्ट सांगायची. पायांत वहाण नाही, काखेत पत्र्याची पेटी. बाया त्यांच्यापाशी मन मोकळं करीत. नवऱ्याला न सांगितलेलं, सख्ख्या आईला न सांगितलेलं त्यांना सांगत. मला याचा हेवाही वाटे. माझ्याकडे लोक फक्त खोकला घेऊन येत.

१९५२च्या उन्हाळ्यात त्या गिरजाला घेऊन दवाखान्यात आल्या. गिरजा म्हणजे डोमा ढिवराची बायको, वय असेल एकोणीस-वीस, कडेवर सात महिन्यांचा मुलगा. सासू मनकर्णा आणि ती मिळून आठवडी बाजारात मासळी विकत. बाईंनी दार लोटून घेतलं. गिरजाच्या डाव्या खांद्यामागे रुपयाएवढा फिकट चट्टा होता. मी तिला डोळे मिटायला सांगितले आणि चट्ट्यावर टाचणी टोचली. “टोचलं तं सांग,” मी म्हणालो. ती डोळे मिटून वाट पाहत राहिली. मी तीनदा टोचली होती.

महारोग हा शब्द मी उच्चारला नाही. उच्चारायची गरजही पडली नाही, ती रडायला लागली. पंधरा दिवसांनी डॉक्टरांनीही तेच सांगितलं. रोग अगदी सुरुवातीचा होता. नव्या पांढऱ्या गोळ्या आल्या होत्या, नेमाने घेतल्या तर हातापायाला काही न होता बरी होईल, पोराला अंगावर पाजायलाही हरकत नाही, असं ते म्हणाले. गिरजाला मात्र एकच भीती. “घरी कळलं तं पोरगं माह्याजवळ नाई ठेवणार,” ती म्हणाली. मी तिला शब्द दिला. बाईंनी तिचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, “मी कोनाले म्हंजे कोनाले नाई सांगणार. फक्त देवाले सांगीन.”

“हो बाई,” गिरजा म्हणाली, “देवाले सांगा.”

आता पुढचं सांगताना मला अजून बाईंचा राग येतो, आणि लगेच त्या रागाची लाज वाटते. त्या गुरुवारच्या सभेला वीस-बावीस माणसं होती. गिरजा नव्हती. बाई उभ्या राहिल्या, डोळे मिटले आणि नेहमीसारख्या एकेकाला देवापुढे नेऊ लागल्या. झाडूभाऊचा ताप सांगून झाला, गुणाबाईची सून सांगून झाली. मग त्यांचा आवाज भरून आला. “बापा, आपली गिरजा. डोमाची बायको, तलावाच्या पाळीजवळची, मनकर्णाची सून. तिच्या डाव्या खांद्याच्या मागं तो चट्टा हाये. तो मोठा रोग तू काढून टाक बापा, तिचं लेकरू तिच्याजवळ राहू दे.” बाईंच्या गालांवरून पाणी वाहत होतं. त्या पोटतिडकीने बोलत होत्या. डोळे मिटले की त्यांच्यासमोर देव असे, आणि देवाशिवाय कोणीच नसे. आम्ही बावीस जण तिथे बसलोय हे त्यांना त्या वेळी माहीतच नव्हतं.

मी खोकलो. मोठ्याने खोकलो. त्यांनी ऐकलं नाही. “आमेन” झाल्यावर खोलीत कोणी हललं नाही, आणि मग बाईंनी डोळे उघडले. आमच्या चेहऱ्यांकडे पाहिलं तेव्हा कुठे त्यांना कळलं.

सभेला आलेल्या गुणाबाईचं आणि डोमाचं अंगण एकच. ती वाईट बाई नव्हती. दुसऱ्या दिवशी तलावावर भांडी घासताना तिने दोघीतिघींना सांगितलं, तेही गिरजासाठी प्रार्थना करा म्हणून. त्यांनी आणखी कोणाला. सगळ्यांचा हेतू चांगला होता. आठवडी बाजाराच्या दिवशी मनकर्णाच्या टोपलीसमोर कोणी थांबेना.

तरीही निभावलं असतं. मनकर्णा खमकी होती. ती टोपलीमागे बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला ठणकावत होती, “नायटा हाये तो! माह्या सुनेच्या पाठीले नायटा झाला, तुमच्या घरी नाई होत का नायटा?” लोक घुटमळत होते. अर्धेअधिक तिच्यावर विश्वास ठेवायला तयार होते, कारण मासळी ताजी होती. तेवढ्यात मी तिथे पोहोचलो. माझं डोकं आधीच तापलेलं. शिकलेला माणूस, अडाणीपणा पाहवला नाही. मी बाजाराच्या मधोमध उभा राहून ओरडलो, “महारोग झाला मनून काय झालं? लवकर सापडला हाये, गोळ्या सुरू हायेत, कोनाले काही होत नाई त्याच्यानं!”

मनकर्णाने माझ्याकडे पाहिलं. तिने तोंडावर पदर घेतला आणि टोपली उचलून चालू लागली. मला वाटलं होतं, मी गिरजाची बाजू घेतली.

आठ दिवसांनी जातीची बैठक बसली. गिरजा घरात असेतोवर डोमाच्या घरच्या मासळीला गिऱ्हाईक नाही आणि त्याच्या जाळ्याला तलावात वाटा नाही, असं ठरलं. मनकर्णापुढे एकीकडे सून होती, दुसरीकडे सगळं घर. डोमाने स्वतःच्या हाताने तलावाच्या पलीकडे बांबूची झोपडी घातली. मी त्याला पाहिलं, कूड विणताना तो पोरासारखा रडत होता. मनकर्णाने नातवाला बकरीच्या दुधावर टाकलं. दुधाने छाती दाटून गिरजाला ताप चढला, तेव्हा मी औषध घेऊन गेलो. तिने पुडी घेतली आणि पाठ फिरवली.

भागीरथाबाई तिची माफी मागायला गेल्या, तेव्हा मी सोबत होतो. बाई झोपडीबाहेर मातीत बसल्या. “गिरजा, मी वचन नाई मोडलं गं, मी देवालेच सांगून राह्यली होती,” असं काहीतरी त्या बोलायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. त्यांना स्वतःलाच ते ऐकवेना.

गिरजा तलावाकडे पाहत होती. पलीकडून पोराच्या रडण्याचा आवाज येत होता, पाण्यावरून तो फार जवळ वाटतो. “बाई,” ती म्हणाली, “देव काय बहिरा हाये?”

आम्ही पाळीवरून परत आलो. वाटेत त्या एवढंच म्हणाल्या, “शास्त्रात जिभेचं लिवलं हाये, ते मी किती घरी शिकवलं, भाऊ. मले वाटे ते शिव्या देनाऱ्यायसाठी हाये, चहाडखोरायसाठी हाये. प्रार्थना करनाऱ्यासाठीबी हाये हे माह्या ध्यानातच नाई आलं.”

त्या दिवसानंतर त्यांची प्रार्थना आटली. गुरुवारी लोक आपापली गाऱ्हाणी सांगत, बाई उभ्या राहत आणि म्हणत, “बापा, इथी एक बाई हाये. तुले ठाऊक हाये.” बस. सभा दहा मिनिटांत उरकू लागली. सभा लवकर संपावी म्हणून मी वर्षानुवर्षं कुरकुरलो होतो. आता ती दहा मिनिटं मला खायला उठत.

दर मंगळवारी बाई माझ्याकडून कागदात बांधलेल्या गोळ्या घेत आणि तलावाला वळसा घालून गिरजाकडे जात. झोपडीसमोर एक दगड होता, त्यावर पुडी ठेवायची, गिरजा उचलून घेईपर्यंत उभं राहायचं आणि परतायचं. पावसाळ्यात पाळीवर गुडघाभर चिखल असे, तरी खंड नाही. एकदा मी म्हटलं, मी जातो. त्या म्हणाल्या, “तुमी तुमचं पाहा.” ते मला लागलं, कारण बाजारातलं माझं ओरडणं त्या विसरल्या नव्हत्या, आणि कोणाला त्याबद्दल बोलल्याही नव्हत्या. दोन वर्षांनी डोमाने दुसरी बायको केली. त्या मंगळवारीही बाई पुडी घेऊन गेल्या.

चार वर्षं लागली. १९५६च्या दिवाळीनंतर डॉक्टरांनी झोपडीवर जाऊन गिरजाला तपासून ती बरी झाल्याचा दाखला दिला. बोटं शाबूत, चेहरा स्वच्छ, खांद्यामागची कातडी पूर्ववत. मी टाचणी टोचली तेव्हा ती ओरडली, आणि मला आनंदाने हसू फुटलं. ती हसली नाही. बाई तो दाखला घेऊन मनकर्णाकडे गेल्या. मनकर्णा आता थकली होती. तिने बाईंना पाणी दिलं, कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

“बाई, पोरगा पाच वर्साचा झाला,” ती म्हणाली. “नवीलेच माय मनते. गिरजाले तो पलीकडची बाई मनते. आता मी त्याले काय सांगू? तुमीच सांगा, काय सांगू?”

पूर्वीच्या बाई असत्या तर तासभर बोलल्या असत्या. त्या कागद घेऊन मुकाट्याने उठल्या. गिरजा पलीकडेच राहिली. बांबूच्या टोपल्या विणायची, बाई त्या मिशनकडे विकायला नेत. उपासनेच्या खोलीकडे ती कधी फिरकली नाही.

१९५९च्या भादव्यात बाईंना न्यूमोनिया झाला. माझ्याजवळची औषधं संपली आणि डॉक्टर यायच्या आत त्यांचा श्वास लागायला लागला. चांद्याहून पाळकसाहेब आले होते. दुपारी बाईंच्या खोलीत सगळे जमले, गुणाबाई होती, झाडू होता, आमची सातही घरं. पाळकांनी विचारलं, “बाई, कोणती प्रार्थना करू?” बाई म्हणाल्या, “गिरजाले बोलवा.”

मला वाटलं नव्हतं ती येईल. ती आली. सात वर्षांत पहिल्यांदा तलाव ओलांडून आली, दारात क्षणभर थांबली आणि बाईंच्या उशाशी जमिनीवर बसली. बायांनी नकळत पदर सावरून घेतले, दाखला मिळून तीन वर्षं झाली होती तरी.

“गिरजा,” बाई म्हणाल्या, त्यांना एकेका शब्दाला दम लागत होता, “माह्यासाठी प्रार्थना करशीन?”

गिरजाने डोळे मिटले. कौलावर पाऊस वाजत होता. तिचे ओठसुद्धा हलत नव्हते. पाळकसाहेब भले माणूस, पण बाहेरचे, त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते हळूच गिरजाला म्हणाले, “बाई, मोठ्यानं म्हणा, म्हणजे आम्हालाही आमेन म्हणता येईल.”

गिरजाने डोळे उघडले नाहीत. “ते माहं अन् त्याचं हाये,” ती म्हणाली.

आम्ही माना खाली घालून बसलो. तिने बाईंसाठी क्षमा मागितली की सात वर्षांचा हिशेब देवापुढे मांडला, हे आमच्यापैकी कोणालाच कळायला मार्ग नव्हता. बाईंनाही नव्हता. गिरजाने शेवटी मान उचलली, तेव्हा ती कोरड्या डोळ्यांनी बाईंकडे पाहत होती.

काय मागितलं ते भागीरथाबाईंनी विचारलं नाही. त्यांनी श्वास गोळा केला आणि म्हटलं, “आमेन.”