साखळीच्या चाकांवरचं कुंकू

आमचे हे डॉक्टर, आणि लोणावळ्यातल्या एका बंगलेवाल्याकडून घेतलेली जुनी मोटार म्हणजे माझी सवतच. तिच्या इंजिनातली साखळी खडखडायला लागली तेव्हा ह्यांनी मुंबईहून नवी मागवली आणि ऐन नवरात्रात इंजिन उघडून बसले. साखळी ज्या दोन दातेरी चाकांवर फिरते, ती ठरावीक दातांवरच जुळवावी लागतात, नाहीतर इंजिन उलटा झटका देतं. मूळच्या खुणा झिजल्या होत्या, म्हणून चाकं काढण्याआधी ह्यांनी दोन्हींच्या एकेका दातावर तेलात कालवलेल्या शेंदराचा ठिपका दिला. हे मला नंतर कळलं. मला एवढंच बजावलं होतं, की माझ्या सामानाला हात लावू नकोस.

खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजायची असतात. विळी, अडकित्ता, ह्यांच्या कात्र्या-चिमटे, सगळं मी पाटावर मांडलं. ती काळीकुट्ट चाकं तशीच देवापुढे ठेवणं माझ्या जिवावर आलं. हे टाकव्याला रोगी बघायला गेलेले. मी चाकं रॉकेलनं घासून लख्ख केली, कुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. कुंकू कुठल्या दातावर लागलं ते कोण बघतंय?

दुसऱ्या दिवशी हे चाकं हातात घेऊन चक्क हसले.

“छान घासलीस. आणि खुणा तेवढ्या राखल्यास, हे बरं केलंस.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला: ह्यांच्या खुणा मी घासून टाकल्या होत्या आणि हे माझ्या कुंकवालाच खुणा समजत होते. पण एरवी माझ्या कामाला नावं ठेवणाऱ्या माणसानं सणासुदीला शाबासकी दिलेली, ती कुठली सोडवते! शिवाय सामानाला हात लावल्याबद्दल बोलणी बसली असती. मी गप्प राहिले. ह्यांनी ठिपक्याला ठिपका जुळवून साखळी चढवली, पुढचं झाकण लावलं आणि इंजिन सुरू करायला हँडल मारलं. हँडल उलट फिरलं ते थेट उजव्या मनगटावर.

हाड सांधलं, पण वाकडं. बारीक टाके घालणं सुटलं ते कायमचं. टाकव्याचा एक म्हातारा बैलगाडी घेऊन बोलवायला यायचा आणि म्हणायचा, “तुमी निस्तं सांगा डाक्टर, बाकीचं आमी करतो.” हे हसायचे. कसं झालं म्हणून कोणी विचारलं, की आपली घाई नडली म्हणायचे. मी शेजारी उभी राहून ते ऐकून घ्यायची. मनाला फार लागायचं, पण ह्यांना ठाऊक नाही याचंच मला बरं वाटायचं. लाज वाटते सांगताना.

काही वर्षांनी साखळी पुन्हा सैल झाली. ह्यांनी इंजिन उघडलं आणि मला हाक मारली, कुंकवाचा करंडा घेऊन ये म्हणून. सण नव्हता, वार नव्हता. मी करंडा घेऊन गेले. चाकं अजून जागेवरच होती.

“या वेळी मी दाखवतो त्याच दातावर लाव.”

कधीपासून माहीत आहे, असं कसंबसं विचारलं.

“हात मोडल्यावर चाकं परत काढली तेव्हापासून. बोटाला शेंदूर नाही, कुंकू लागलं होतं.”

म्हणजे इतकी वर्षं माझं खोटं हेच सांभाळत होते. भांडले असते तर बरं झालं असतं. दाखवलेला दात मला काही सापडेना. तेव्हा ह्यांनी त्या वाकड्या हातानं माझं मनगट धरलं आणि ठिपका लावून घेतला.