तुळसाकाकीने हात केला

आमच्या नगरपरिषदेने शहराच्या पुढच्या पंचवीस वर्षांच्या वाहतुकीचं स्वप्न 'सर्वांच्या सहमतीने' मंजूर केलं. शहराचं नाव सांगत नाही, मला अजून तिथेच नोकरी करायची आहे. त्या 'सर्वां'त तुळसाकाकी कशी आली, ते मात्र सांगणार आहे. सभेचं इतिवृत्त मीच लिहितो, त्यामुळे या प्रकरणात सगळ्यात जास्त राग मला माझाच येतो.

काकी आमच्याच वाडीतली. वाडी हद्दीच्या टोकाला, खाडीच्या कडेने, बाजारापासून पाच किलोमीटर. नवरा मुंबईला गोदीत, गणपतीत आणि मे महिन्यात दिसणारा. एका वर्षी गणपतीत तो आला नाही, त्याच्या मरणाची बातमी आली. तेव्हापासून एकतीस वर्षं काकी लाल माठ, मुळा, वालीच्या शेंगा पिकवते आणि बाजाराच्या तोंडाशी बसून विकते. दोन मुलींची लग्नं त्या माठावर झाली. सकाळी पावणेसहाला वळणावरच्या फणसाखाली उभं राहून ती हात करायची आणि एसटीची गाडी थांबायची. ती दिसली नाही तर सत्यवान ड्रायव्हर हॉर्न वाजवून थोडा थांबायचाही.

दीड वर्षापूर्वी ती गाडी बंद झाली. प्रवासी नाहीत म्हणे. दवाखान्यात जाणारे म्हातारे आणि लॉजमध्ये चादरी धुवायला जाणाऱ्या बायका बहुतेक प्रवाशांत मोडत नसाव्यात. काकी टोपली डोक्यावर घेऊन चालू लागली. ती पोचेपर्यंत माठ मान टाकायचा आणि गिऱ्हाईक घरी गेलेलं असायचं. गुडघा सुजला तो सुजलाच. अर्ज घेऊन ती आमच्या कचेरीत आली. गाड्या आमच्या अखत्यारीत नाहीत, असं आम्ही सांगितलं. ती गाड्यांच्या कचेरीत गेली, तर ते म्हणाले, नगरपरिषदेची मागणी येऊ दे. एकूण सगळ्यांनी हात वर केले.

मग हे स्वप्न आलं. नियमाप्रमाणे सभेला नागरिक हवे होते, म्हणून मीच तिला म्हटलं, "काकी, वाहतुकीवरच सभा आसा. येवा आणि थेट इचारा."

ती आली. त्या दिवशी बाजार बुडवून, ठेवणीतलं लुगडं नेसून, पाच किलोमीटर चालत. पुढच्या खुर्चीवर बसून ओठांतल्या ओठांत पुटपुटत होती. कचेरीत बोलायचं म्हणून तिने प्रश्न शुद्ध मराठीत पाठ केला होता: "सकाळची पावणेसहाची गाडी पुन्हा कधी सुरू होणार?"

पडद्यावर पुण्याहून आलेले सल्लागार खाडीत बोटी सोडत होते, डोंगरावर पाळणे चढवत होते. दीड तास. शेवटी अध्यक्षांनी विचारलं, "सर्वांना मान्य आहे ना?" नगरसेवकांचे हात वर गेले. बोलणं थांबलंय असं पाहून काकीनेही हात केला. फोटो निघाला, टाळ्या झाल्या, बटाटेवडे आले. तिच्याकडे कोणी वळलं नाही. मीही नाही. मी समोरच्या कागदावर बरोबरची खूण केली. 'उपस्थित नागरिकांनीही हात वर करून अनुमोदन दिले' हे वाक्य मी आदल्या दिवशीच टाइप करून ठेवलं होतं.

महिन्याभराने गुळगुळीत कागदावर पुस्तिका छापून आली. मुखपृष्ठावर काकी, हात वर. बाजारात लोक तिला विचारू लागले, "काय गो काकी, उद्यापासून बोटीन येतलंस?" ती पुस्तिका घेऊन माझ्या टेबलासमोर उभी राहिली.

"गुरुदास, मी हो म्हणूक नाय. इचारूक हात केललंय."

"माका ठावक आसा, काकी."

"मगे तसा लिव."

"आता मंजूर झाला ता. बदलूक येणा नाय."

"बरा. ह्याच्यात माझी गाडी खंय आसा ती दाखव."

चौऱ्याऐंशी पानं मी तिच्यासमोर उलटली. आमच्या वळणावर नकाशात पर्यटकांसाठी सायकलतळ होता. गाडी नव्हती, फणसही नव्हता. तिने पुस्तिका माझ्याच टेबलावर ठेवली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम साडेपाचला मोटरसायकल काढली. काकी वळणाच्या पुढे टोपली घेऊन पाय ओढत चालली होती. मी शेजारी थांबलो. "बसा काकी, सोडतंय बाजारात."

तिने मान वळवली नाही, चालणंही थांबवलं नाही.

"जा तू," ती म्हणाली. "मी तुका हात करूक नाय."