पंधरावी वाटी

सोपानआबा बोलताना माणसाकडे बघत नसत. समोर कुणीही येऊन बसलं तरी त्यांची नजर खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर खिळलेली असे. नवख्या माणसाला वाटे, हे आपल्यावर रुसलेत. गावाला मात्र माहीत होतं, की जन्मभर पाण्याकडे बघून आबांची नजर तशीच राहिली आहे.

आबा आमच्या गावचे गुरव. गाव कळमनुरीपासून दोन कोसांवर. महादेवाची पूजा त्यांच्याकडे होतीच, पण त्यांचा खरा मान लग्नाच्या दिवशी. गावात घड्याळ नव्हतं. मुहूर्त साधायचा तो आबांच्या वाटीवर. तांब्याची पातळ वाटी, तिच्या बुडाला सुईच्या टोकाएवढं भोक. पाण्याने भरलेल्या घंगाळात ती तरंगत सोडायची. भोकातून हळूहळू पाणी आत शिरे आणि वाटी बुडे. बुडाली की एक घटका झाली, म्हणजे आपली चोवीस मिनिटं. आबा वाटी काढून पुन्हा सोडत आणि एक चिंचोका बाजूला ठेवत. सूर्य उगवताना बसले की मुहूर्त होईपर्यंत उठत नसत, घोटभर पाणीही घेत नसत. लहानपणी मी एकदा विचारलं होतं, "आबा, तहान लागत न्हाई का?" तर म्हणाले, "पाण्याम्होरंच तर बसलोय की लेकरा!"

कुणी फार घाई केली की ते म्हणत, "येळ येत न्हाई बाबा, येळ भरतो." ते भरणं म्हणजे काय, हे मला तेव्हा कळत नव्हतं. आता थोडं कळतं असं वाटतं, पण खात्री नाही.

मॅट्रिक होऊन मी हैद्राबादला कॉलेजात गेलो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सहीसुद्धा केलेली नव्हती. वसतिगृहात भिंतीवर मोठं घड्याळ होतं. त्यात सात वाजून गेले तरी हिवाळ्यात बाहेर अंधार असे. मला वाटलं, शहरात इमारती उंच, म्हणून सूर्य उशिरा दिसत असेल. कुणाला विचारायची लाज वाटली. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं सगळं त्या लाजेतून झालं.

पहिल्या वर्षाच्या उन्हाळ्यात माझी धाकटी बहीण गोदा हिचं लग्न ठरलं. मी खोलीतल्या मित्राचं मनगटी घड्याळ मागून गावी आलो. जोशीबुवांनी मुहूर्त लिहून दिला होता : सूर्योदयापासून पंधरा घटका. मी लगेच हिशेब केला. पंधरा घटका म्हणजे सहा तास. सूर्य सहाला उगवतो. म्हणजे बरोबर बारा वाजता. वडिलांना म्हणालो, "बापू, यंदा वाटीचं काम न्हाई. माझ्याकडं घड्याळ हाय." बापूंनी आबांकडे निरोप धाडला नाही.

आबा तरीही आले. तांबडं फुटताना घंगाळ घेऊन मांडवाच्या कोपऱ्यात बसले. मी वऱ्हाडाच्या उठबशीने दमून झोपलो होतो, उशिरा उठलो. सूर्य उगवताना घड्याळाकडे नुसतं एकदा बघितलं असतं, तरी पुरे होतं. आबांना कोपऱ्यात बघून मी ओशाळलो. ते पाण्याकडे बघतच म्हणाले, "तुझं घड्याळ तुझ्यापाशी, माझं पाणी माझ्यापाशी. तुझ्या आजीच्या लग्नात बी हीच वाटी व्हती."

घड्याळात बाराला दोन मिनिटं कमी असताना मी हाक दिली, "चला, वेळ झाली!" अंतरपाट धरला गेला. तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, "थांबा. बारा वाट्या भरल्यात. तेरावी बुडायची हाय."

नवरदेवाचे मामा हट्टा गावाकडचे, मोठे बोलके. ते म्हणाले, "आबा, भोकात गाळ अडकला आसंल. फुंकर मारा की एकदा!" लोक हसले. जोशीबुवांना संध्याकाळी दुसऱ्या गावी लग्न लावायचं होतं. ते म्हणाले, "काय ते लवकर ठरवा."

आबांनी मान वर करून सरळ माझ्याकडे बघितलं. असं त्यांना बघताना मी प्रथमच पाहत होतो. "किस्ना, तुझी सावली बघ जरा."

मी मांडवाच्या कडेला उन्हात उभा होतो. भर उन्हाळ्यात दुपारी सावली पायाखाली यायला हवी. माझी मावळतीकडे सव्वा हात पडली होती. ती मी पाहिली. पाहूनही म्हणालो, "आबा, हे विलायती घड्याळ आहे. चुकत नसतं."

बापूंनी आधी वाटीकडे, मग माझ्या मनगटाकडे बघितलं. "पोरगं शिकून राहिलंय. आपल्यापरीस त्याला ठावं आसंल," ते म्हणाले, आणि अक्षता पडल्या.

आबा जागचे हलले नाहीत. पंगत बसली, वाढपी फिरू लागले, नवरानवरी घास भरवू लागली. पाऊण तासाने आबा उठले, चिमूटभर अक्षता घेऊन दोघांजवळ गेले आणि त्यांच्या डोक्यावर टाकल्या. गोदाला म्हणाले, "आता भरला बाई येळ." मामा ओरडले, "आबा, तुमच्या घरचं लगीन आत्ता लागलं व्हय?" पुन्हा हशा झाला. आबांनी हात धुतले आणि मामांच्याच शेजारी पंगतीला बसले.

तिसऱ्या दिवशी मी परत निघालो. हिंगोलीच्या स्टेशनात गाडीची वाट बघत असताना समोर सूर्य उगवला. सहज घड्याळ बघितलं, तर सात वाजायला आले होते. स्टेशनातल्या घड्याळातही तेच. तिकीटबाबूला विचारलं, तर तो हसला. "जंगका टाइम है मियाँ. सरकारने सब घड्याँ एक घंटा आगे करवा दिए. मालूम नै क्या?"

पत्र लिहायला हवं होतं. पण गावात पत्र वाचणारे एकटे मास्तर, ते चावडीवर सगळ्यांसमोर वाचणार. कॉलेजात शिकणाऱ्या किसनची, म्हणजे माझी, गावभर शोभा होणार. दिवाळीत तोंडानेच सांगू, असं मी मनाशी म्हटलं.

दिवाळीत देवळाच्या पायरीवर आबांना गाठलं. "आबा, तुमची वाटी बराबर होती. माझं घड्याळ एक घंटा पुढं होतं."

"पुढं? कुणी ढकललं?"

"सरकारनं. लढाईपायी."

"अन् सूर्याला इचारलं व्हतं?" आबा हसले. मग म्हणाले, "आता बी पुढंच हाय?"

"न्हाई. लढाई संपली. आता पुन्हा मागं आणलं."

आबांचं हसू थांबलं. ते आत गेले आणि वाटी आणून माझ्या हातात दिली. उजेडात धरली, तर बुडाचं भोक चांगलं मोठं झालेलं होतं.

"आखाडात टोच्यानं वाढवलं," ते म्हणाले. "तू जिथं हुबा व्हता, तिथं तुझ्याएवढी काठी रोवली. सकाळपास्नं वाट्या सोडायच्या. तिची सावली सव्वा हात व्हईस्तवर पंधरा भरल्या पायजेत, म्हणून रोज थोडं थोडं टोचत गेलो."

"पण काहून आबा? तुम्हाला तर ठावं होतं ना, की सावली बराबर हाय?"

"ठावं व्हतं की. पर शिकलेलं लेकरू खोटं बोलंल व्हय? म्हणलं, येळच बदलला आसंल. नव्या येळाला जुनी वाटी कशी चालंल?"

वाटी परत घेत आबा म्हणाले, "मधल्या काळात त्यो घंटा ठिवला कुठं व्हता रे सरकारनं?"

"कुठंच न्हाई."

"मग घेतला तरी काय?"

पुढे मी हा प्रश्न प्रोफेसरांना विचारला. दिवाबत्ती कशी वाचते, कारखाने कसे चालतात, हे त्यांनी नीट समजावून सांगितलं. मला ते पटलंही. पण आबांना जाऊन काय सांगावं, ते मात्र त्यात सापडलं नाही. घड्याळ वाईट असं मी म्हणत नाही; वाटीवर आगगाडी पकडता येत नाही. गावाला त्या दिवशी खरं काय झालं ते मी सांगितलं, मामांनाही सांगितलं. सगळे चुकचुकले. तोवर मास्तरांनी घड्याळ घेतलं होतं, आणि पुढची लग्नं त्यावरच लागली. आबांनी भोकाला लाख लावून पाहिली, एकदा कल्हईवाल्याकडून डागही देववला. पण वाटी कधी फार हळू बुडे, कधी बुडतच नसे. शेवटी त्यांनी तो डाग काढून टाकला.

यंदा पावसाळ्याआधी आबा गेले. गाड्यांचा भरवसा नव्हता, मी पोचलो तेव्हा तेरावाही होऊन गेला होता. त्यांच्या सुनेने फडक्यात बांधलेली वाटी पुढे केली. "मामंजी म्हणले व्हते, ही किस्नाला द्या."

आता माझं स्वतःचं घड्याळ आहे. रविवारी वसतिगृहात शांत असतं, तेव्हा मी बादलीत वाटी सोडतो. ती वीस मिनिटांत आणि वर थोड्या वेळात बुडते. चोवीसला अजून तीन-साडेतीन मिनिटं राहिलेली असतात. तेवढा वेळ मी वाटी काढत नाही, चिंचोका ठेवत नाही. वेळ भरेपर्यंत पाण्याकडे बघत बसतो.