सहावा ठिपका

सुरगाण्याहून जीप सुटली तेव्हा धाकट्या बहिणीनं, सखूनं, माझ्या मांडीवर नागलीच्या पिठाची पिशवी ठेवली अन् म्हणाली, "आक्का, महिनाभरात येशील ना?" मी हो म्हटलं. तिचीच एक किडनी माझ्या पोटात बसवलेली. ती शेतावर परतली, मी निघाले नाशिकला, गंगापूर रोडला, लेकाच्या फ्लॅटवर. दवाखाना जवळ हवा ना. त्याला चार वर्षं झाली.

डॉक्टरांनी सांगून ठेवलंय, किडनी टिकवायच्या गोळ्या अंगाची राखण ढिली करतात, कॅन्सरला, त्यातही कातडीच्या, वाट मिळते. म्हणून ऊन टाळायचं, पूर्ण बाह्या, क्रीम, आणि महिन्याला कातडी तपासायची. आई शेतात ओरडायची, "पदर कशाला घेते? उन्हानं काय मरते का?" आता लिफ्टनं खाली उतरते ती दिवस कलल्यावर.

सून कविता मला खिडकीशी बसवून अंगावरचे डाग बघते. हातावरच्या गोंदणापाशी अडते. मागं म्हणाली, "आई, हे ठिपके किती होते हो?" आता मला काय ठाऊक! आठवडी बाजारात गोंदून घेतलं तेव्हा मी भोकाड पसरलेलं, मोजतंय कोण. सखूनं शेजारीच बसून तस्संच गोंदून घेतलेलं. तिला फोन लावला.

"पाच," ती म्हणाली. "का गं? शहरात ठिपक्यांची बी हजेरी घेत्यात का?"

माझ्या हातावर सहा होते.

डॉक्टरांनी सहावा काढून तपासायला पाठवला. कॅन्सरच निघाला, पण कोवळा. मुळासकट काढलाय म्हणाले. कविता रडली. मला काहीच झालं नाही. मी चहा मागितला.

सखूला फोनवर सांगितलं. ती बारीक आवाजात म्हणाली, "आक्का, माझं दिलेलं खराब निघालं का?"

"नाय गं बाई. तुझं चांगलं हाय. कातडी माझी हाय."

"अन् आवणीला, भात लावायला, येशील ना?"

ढग असले तरी दिवसा शेतात उभं राहायचं नाही, डॉक्टरांनी बजावलंय. तसं सांगितलं.

"बरं," ती म्हणाली. "तुझी पात मी लावते."

रडू यायला हवं होतं. नाही आलं.

तुम्ही गावातले विचारता, घरी कधी येणार. येईन की, उन्हं उतरल्यावर. माझ्यासारख्या शहरात गेलेल्यांनो, तुमचं घर कुठं ते तुम्ही सांगा. माझं घर म्हणजे आता खाचरातली भाताची एक पात, एक ओळ. ती माझी म्हणतात, अन् लावते सखू.